चैत्रातला हुरडा

मानवतच्या मोंढ्यात, आडतीच्या ओळीमागं
मकदूमचं बाइंडिंगचं दुकान.
लाल कापडाच्या खतावण्या, खळीचा डबा,
आणि वाचनालयातून आलेली आजारी पुस्तकं.
पाचला काटा बंद झाला की आम्ही तिथं बसतो.
बाक एक, माणसं चार,
आणि मकदूम खाली, पोत्यावर.

त्या दिवशी प्रयाग लोखंडे अंगणवाडी उरकून आली
ती पुस्तक आपटतच.
"एकशे बारावं पान काढा.
म्हणे, चैत्राच्या चांदण्यात दोघं हुरडा खात बसले!
चैत्रात कडबा असतो गंजीला
आणि जवारी कणगीत.
ह्या माणसानं हुरडा काय चित्रात बघितलाय?"

भालेराव कंपाउंडर चष्मा पुसत म्हणाले,
"कादंबरी आहे बाई, पंचांग नाही."

"हुरडा खोटा,
मग पुढच्या पानावरचं तिचं रडणं
खरं कशावरून?"

सखाहरी होगे दिवसभर पोती वाहून आलेला,
मानेवर तुरीची धूळ.
खाली बघत म्हणाला,
"रडनं खरं हाय. म्या रडलो की."

यावर कुणीच बोललं नाही.
मकदूमनं सुईत दोरा ओवला.
चहा आला, अर्धा अर्धा.

मग ठरलं, लेखकाला पत्र लिहायचं.
मी मुनीम, अक्षर बरं, म्हणून लेखणी माझ्याकडं.
पहिली संध्याकाळ मायन्यातच गेली:
प्रयागला 'सप्रेम' नको होतं,
भालेरावांना त्याशिवाय चालेना.
दुसऱ्या दिवशी लिहिलं, हुरडा थंडीत असतो.
प्रयाग म्हणाली, "एवढ्यानं त्याला कळायचं न्हाई.
थंडी लिहा."
थंडी कशी लिहायची?
सखाहरी म्हणाला, "तोंडाला आच, पाठीला बर्फ.
आन् आगटीपासून उठू वाटत न्हाई, आसं लिवा."
लिहिलं.
भालेरावांनी 'बर्फ' खोडायला लावला,
आपल्याकडं बर्फ कुठं पडतो?
मग त्या एका शब्दावर आठवडा.
'गारठा' झाला, 'काकडा' झाला,
शेवटी 'पाठीला उघडं दार' असं मकदूम बोलून गेला
आणि आम्ही त्याच्याकडं बघतच राहिलो.

पानं वाढली.
गोवरीचा धूर आला, तळहातावर चोळलेली कणसं आली,
प्रयागच्या सासऱ्याची आंधळी बैलजोडी आली,
जिचा हुरड्याशी काही संबंध नव्हता
पण काढवेना.
आणि चैत्र मागं पडत गेला.
एकदा भालेराव म्हणाले,
"त्या लेखकालाही असंच झालं असेल का हो?
चांदणं काढवलं नसेल."
प्रयाग काही म्हणाली नाही.
तिनं एकशे बारावं पान पुन्हा वाचलं,
ह्या खेपेला मनातल्या मनात.

अठरा कागद झाले तेव्हा पत्ता बघायला गेलो,
तर त्या पानाला वाळवी.
"मग आता?" मी विचारलं.
मकदूमनं कागद हातातून घेतले,
खतावणीचं उरलेलं लाल कापड लावलं,
पाठीला खळ, चार टाके.
वाचनालयानं क्रमांकसुद्धा दिला.
फक्त नोंदवहीत 'लेखक' या रकान्यापाशी
पुन्हा भांडण झालं; तो रकाना अजून कोरा आहे.

सहा महिने कुणी नेलं नाही.
मग कुणी तरी नेलं, आणि परत आलं
तेव्हा तिसऱ्या पानावर,
आम्ही जिथं 'मार्गशीर्षातला हुरडा' लिहिलाय,
तिथं शिसपेन्सिलीची बारीक ओळ:
'आमच्याकडं गोदेच्या काठाला पौषात.
बाकी बरोबर. बैलांचं पुढं काय झालं?'

अक्षर ओळखीचं नाही. सही नाही.
भालेराव रबर शोधायला लागले,
प्रयागनं त्यांचा हात धरला.
सखाहरीनं ती ओळ दोनदा वाचली,
ओठ हलवत,
आणि बाकावर थोडा सरकून बसला.